किरकोळ सुधारणा

कॅमेरेवाली: तू नुसती ऐक. मध्ये बोलू नकोस, मी अडखळेन. वीस मिनिटं आहेत माझ्याकडे.

चष्मेवाली: आधी चष्मा काढ. दांडी लोंबतेय कानावर.

कॅमेरेवाली: घे. तर, माझ्या धाकट्या बहिणीची परीक्षा रद्द केली, माहितीये ना?

चष्मेवाली: घरून देत होती ती? कॉपी पकडली म्हणे.

कॅमेरेवाली: कॉपी नाही गं! ‘संशयास्पद हालचाल.’ तिच्या तोंडावरून सारखे काळे पट्टे सरकत होते. बोर्ड म्हणतं, बाजूला कुणीतरी उभं होतं, त्याची सावली. खोलीत मुंगीसुद्धा नव्हती! काल तिने मला रेकॉर्डिंग दाखवलं आणि मी ते पट्टे लगेच ओळखले. कॅमेरा आमच्या कंपनीचा. त्याचा ड्रायव्हर मी लिहिलाय.

चष्मेवाली: ड्रायव्हर मला गाडीचाच माहीत.

कॅमेरेवाली: कॅमेऱ्याला हुकूम देणारा प्रोग्रॅम. ही तुझी ट्यूब बघ. स्थिर दिसते? सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज, मंद-तेज होते ती. झोक्यासारखी. कॅमेऱ्याने उजेड आत घेताना पूर्ण झोका घ्यायचा. एक घे, दोन घे, पण पूर्ण. अर्ध्यात तोडला की पट्टे. त्यासाठी सेन्सरमध्ये एक आकडा असतो, पन्नास किंवा साठ. आपल्या विजेला पन्नास लागतो. कारखान्यातून साठ लावून आला होता. मी तो बदललाच नाही.

चष्मेवाली: मग विकायच्या आधी कुणी बघत नाही का?

कॅमेरेवाली: मीच बघते ना! चाचणीच्या खोलीतली ट्यूब गेली होती. नवी यायला आठवडा. साहेब डोक्यावर बसलेले. मी टेबल ओढलं खिडकीपाशी, चित्र एकदम झकास, आणि तक्त्यात ‘ट्यूबच्या उजेडात तपासले’ यापुढे बरोबरची खूण केली. खाली सही.

चष्मेवाली: उन्हात तपासून?

कॅमेरेवाली: उन्हात.

चष्मेवाली: बावळट.

कॅमेरेवाली: म्हण, अजून म्हण. आणि परीक्षेचा नियम काय, तर खिडकी बंद, पडदा ओढलेला. म्हणजे सगळे ट्यूबखाली!

चष्मेवाली: तिची एकटीचीच रद्द झाली?

कॅमेरेवाली: यादीत सत्तावीस जण आहेत.

चष्मेवाली: अगं बाई.

कॅमेरेवाली: थांब, खरी गंमत पुढेच आहे. आज दोन वाजता पुढची तुकडी बसणार होती, अकराशे मुलं. म्हणून मी सकाळीच धावत साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. ते खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, दुरुस्ती पाठवून दे, कारणाच्या रकान्यात ‘किरकोळ सुधारणा’ लिही. आणि तक्त्याचा विषय बाहेर काढायचा असेल तर लक्षात ठेव, सही तुझी आहे.

चष्मेवाली: पाठवलीस?

कॅमेरेवाली: नाहीतर काय अकराशे मुलांना बुडवू? पाठवली. प्रत्येक कॅमेऱ्यात आपोआप गेली. धाकटीच्या पण. आणि आज चारला तिची सुनावणी आहे, त्याच कॅमेऱ्यावर. ती त्यांना म्हणणार, बघा, माझ्याकडे पट्टे आपोआप येतात. आणि ते म्हणणार, दाखव.

चष्मेवाली: आणि आता पट्टेच नाहीत.

कॅमेरेवाली: एक नाही!

चष्मेवाली: मग तिच्यापुरता जुना प्रोग्रॅम घाल परत.

कॅमेरेवाली: म्हणजे बहिणीनेच बिघडवून दिला म्हणतील. आमचं आडनाव एकच आहे, बये.

(फोन वाजतो.)

कॅमेरेवाली: हं, बोल गं... हो?... हो का?... अरे वा. नाही, कुठे रडतेय, सर्दी झालीय. बस तू नीट. ठेव.

चष्मेवाली: तीच ना?

कॅमेरेवाली: म्हणते, “ताई, आज चित्र काय स्वच्छ येतंय! तूच काहीतरी केलंस ना? आता मला कुणी अडवत नाही बघ.”

चष्मेवाली: तिला सांगितलं नाहीस?

कॅमेरेवाली: काल सांगणार होते. ती माझ्यासमोर बसून बोर्डाला शिव्या घालत होती आणि मी मान हलवत होते.

चष्मेवाली: मग आता?

कॅमेरेवाली: बोर्डाला पत्र लिहिलंय. हे बघ फोनमध्ये. आकडा चुकला, तपासणी खोटी, सही माझी, मुलांचा दोष नाही. खाली नाव. फक्त बोट लावायचं बाकी आहे.

चष्मेवाली: लाव मग.

कॅमेरेवाली: लाव काय लाव! कायम होऊन सव्वा महिना झालाय. बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं ओळखपत्र दाखवतात. खोटी सही केलेल्या पोरीला या धंद्यात पुन्हा दारात तरी उभं करतील का? आणि धाकटी... ती काय म्हणेल मला?

चष्मेवाली: किती वाजले?

कॅमेरेवाली: चाराला सहा कमी.

चष्मेवाली: हा घे. स्क्रू बसवला, पण आटे झिजलेत, जोरात ओढू नकोस. घाल. टोचतंय?

कॅमेरेवाली: नाही.

चष्मेवाली: माझ्याकडे काय बघतेस? फोनकडे बघ.

कॅमेरेवाली: बघतेय गं. खरं सांग ना. तू असतीस, तर तू काय केलं असतंस?