बी.ए. पहिल्या वर्षाचा फारम

माहेर माहं वर्धा जिल्ह्यातलं, आर्वीच्या बाजूचं लहानसं गाव, नाव सांगतलं तरी तुमाले सापडाचं नाही. बाप माहा शाळेत चपराशी, शाळेच्या आवारातच आमची खोली, म्हून मी शाळेतच वाढली म्हणा ना. बाबा पुस्तकायचे गठ्ठे सोडत तवा मी बाजूले बसून वास घेत राहो नव्या कागदाचा. बारावी आर्वीले मावशीच्या घरी राहून केली, सेकंड क्लास आला, बाबानं गावभर पेढे वाटले, अन् त्याच उन्हाळ्यात लग्न लावून देल्लं. पोरगा भिलाईले स्टील प्लांटात आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणते? मले कोणी विचारलं नाही, अन् खोटं कावून सांगू, मी बी काही बोलली नाही. मले वाटलं भिलाई म्हंजे मोठं शहर, तिथं कालेज असनच.

कालेज होतं हो, पण माह्यासाठी नव्हतं. तवा हे सारं मध्यप्रदेशात होतं, छत्तीसगड मागून झालं. प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरमधलं दोन खोल्यायचं क्वार्टर, घरात आमी तिघं, हे, मी अन् आत्याबाई. आत्याबाई म्हंजे माही सासू, आमच्याकडे सासूले तसंच म्हणतेत. मोठा कडक आवाज, लिवता वाचता काही येत नव्हतं, पण किराण्याच्या दुकानात त्याइले कोणी फसवून दाखवावं. लग्नात माहं नाव बी त्याइनंच बदललं. माहेरची मी सिंधू, इथं वैशाली झाली. झालं काय का पलीकडच्या बंगल्यात एक साहेबाची बाई राहे, तिचं नाव वैशाली, ते आत्याबाईले लय आवडे. सिंधू म्हंजे खेड्यातलं नाव म्हणे, माही सून बारावी शिकलेली आहे, तिले साहेबाच्या बाईसारखं नाव पाहिजे. त्याइच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आज सांगते, तवा समजत नव्हतं. तवा कोणी वैशाली म्हणून हाक मारली का मी मांगं वळून पाहो, कोणाले बलावून राहिले म्हून.

अशी पाच वर्षं गेली. पोरगी झाली, सोनू, ती चार वर्षांची झाली. माही मार्कशीट पेटीत, लग्नाच्या शालूखाली. कवा कवा काढो, पाहो, ठेवून देवो.

एक दिवस काय झालं, हे सकाळच्या ए शिफ्टवरून आले, हात धुतले नाही, चहा मांगतला नाही, खिशातून एक कागद काढला, तेलाचे डाग पडलेला, चार घड्या केलेला. त्यात चपात्या गुंडाळून आणल्या होत्या कोण्या दोस्तानं. हे म्हणे वाच. मी वाचला, हिंदीतली जाहिरात, दुर्गच्या कालेजात बी.ए. पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू. मी म्हटलं मंग? हे म्हणे मंग काय मंग, भर फारम. मी म्हटलं आत्याबाई? तर आत्याबाई दाराआड तांदूळ निवडत होत्या, तिथूनच म्हणे, आत्याबाई काय वाघीण आहे का, इकडं येऊन सांगा मलेही.

काय सांगू तुमाले, त्या महिन्यात आमच्या घरात जसं काही लग्नच निघालं! कालेज दहाले, म्हंजे नवाले घर सोडाचं, मंग सकाळचं कोण करन? आत्याबाई गॅसले भेत, आयुष्यभर चुलीवर अन् सिगडीवर केलेलं. मी शिकवाले लागली. त्या काडी पेटवत अन् हात एवढा लांब करत का गॅसपासून निम्म्या खोलीत उभ्या, अन् भप्प झालं का सोनू टाळ्या वाजवे. आठ दिवसांत चहा जमला, पंधरा दिवसांत पोया जमल्या, मंग तर मलेच म्हणाले लागल्या, सरक, तुले गॅस बारीक करता येत नाही. अन् ह्यायनं पोरीची वेणी शिकली. प्लांटात लोखंडाचे रूळ तयार करणारा माणूस, पोरीच्या दोन वेण्या घालता घालता घामेघूम! एक वेणी कानाजवळ, दुसरी मानेवर. सोनू आरशात पाहून म्हणे बाबा, फिरसे. आमच्या घरातलं पोट्टं असंच, अर्धं मराठी अर्धं हिंदी.

हिंदीचं तर माहंच मोठं संकट. बारावी मराठीत केलेली, अन् इथं सारं हिंदीत. बाजारापुरती येत होती, पण कालेजात भाजी घ्याची होती का? सकाळी बाजूच्या कुरुद गावाहून दूधवाली ये, तिच्याशी मी मुद्दाम मोठं मोठं हिंदी बोलो, तर ती छत्तीसगडीत उत्तर देऊन हासे. स्वयंपाक करता करता मी मोठ्यानं म्हणो, उपस्थित, महोदय. हाजरी घेतल्यावर असंच म्हणतेत असं ह्यायनं सांगतलं होतं. कढईत फोडणी टाकली का उपस्थित महोदय, भाकर उलटली का उपस्थित महोदय. आत्याबाई म्हणे, देवाचं नाव एवढ्या वेळा घेतलं असतं तर देव आला असता.

माह्या भावानं नागपूरहून मायग्रेशन सर्टिफिकेट आणून देल्लं, मी फारम भरला, अन् शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी खिडकीवर गेली. आधीच जाचं होतं, पण ते सर्टिफिकेटच उशिरा आलं. खिडकीवरच्या बाबूनं कागद पाहिले, चष्मा वर केला अन् म्हणे, फॉर्म में वैशाली ढोले, मार्कशीट में सिंधू भोयर. ये सिंधू कौन है? मी म्हटलं मैं. तो म्हणे तो वैशाली कौन है? मी म्हटलं वो भी मैं. रांगेतल्या पोरी हासल्या. बाबू वाईट माणूस नव्हता, तो म्हणे बहनजी, कचहरी से शपथपत्र बनवा लाओ, कल दो बजे तक, उसके बाद मेरे हाथ में कुछ नहीं.

घरी आली अन् पेटीजवळ बसून रडली. ह्याइची दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट, सुट्टी मिळत नव्हती, एक माणूस आधीच कमी होता. जाऊ दे म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू. तर आत्याबाई उभ्या राहिल्या, म्हणे पुढचं वर्ष कोणी पाहिलं, नाव मी बदललं ना, मंग मीच येते सांगाले.

सोनूले शेजारी ठेवलं अन् आमी दोघी सकाळीच दुर्गच्या कचेरीत. आत्याबाईनं ठेवणीतलं नववारी नेसलं, जसं का वरातीत चालल्या. कचेरीत झाडाखाली टाइपवाले बसले होते, एका वकिलानं विचारलं गवाह कौन? आत्याबाई छाती पुढं करून म्हणे मैं गवाह. इसका नाव मैंने बदला, मेरे घर में बदला, तांदूळ में लिखके बदला, लिखो. वकील हासला. मंग म्हणे ठीक आहे, पण पुढं कोणतं नाव चालवाचं, सिंधू का वैशाली, सोच के बताओ, सारी डिग्री त्याच नावानं येईन.

आत्याबाई माह्याकडं वळल्या. म्हणे तुले कोणतं आवडते?

पाच वर्षांत हे मले कोणी विचारलं नव्हतं, माह्या आईनं बी नाही. मी म्हटलं, सिंधू. मले वाटलं आता आत्याबाईले राग येते. तर हळूच म्हणे, मंग आधी कावून नाही सांगतलं? मी म्हटलं, विचारलं कवा तुमी? तर त्या म्हणे, हो, ते बी खरं. अन् वकिलाले म्हणे, सिंधू लिखो, मोठ्या अक्षरात लिखो. टाइपवाला म्हणे अम्मा, मशीन में एक ही अक्षर है. आत्याबाई म्हणे, मंग जोरानं मार!

कागदावर त्याइनं अंगठा देल्ला, शाईचा अंगठा पदराले न पुसता तसाच धरून आमी रिक्षात बसलो, अन् दीड वाजता खिडकीवर. बाबूनं नवा फारम देल्ला, मार्कशीटवरचं सिंधू भोयर हेच नाव टाका म्हणे, मी तिथंच भिंतीले टेकून भरला, आत्याबाई मांगून पदरानं वारा घालत होत्या. ठप्पा बसला. त्या ठप्प्याचा आवाज, काय सांगू, मी तिथंच आत्याबाईच्या गळ्यात पडली, रांगेतल्या पोरी पाहून राहिल्या, पाहू द्या.

मंग कुठला धीर! वह्याले कव्हर घातले, आत्याबाईनं ह्याइच्या जुन्या खाकी पँटची झोळी शिवली, हातशिलाईची, मजबूत एवढी का पाच वर्षं फाटली नाही. पहिल्या दिवशी मी पाचालेच उठून बसली. नवाले निघाली तर आमच्या लाइनीतल्या साऱ्या क्वार्टरायचे लोक दारात. ह्यायनं सायकलवर बस स्टॉपपर्यंत सोडलं.

अन् पहिलाच तास. सर हाजरी घेऊन राहिले, सिंधू भोयर, सिंधू भोयर, दोनदा बोलले, अन् मी पाहून राहिली कोण आहे हे बाई, बोलत कावून नाही! मंग एकदम ध्यानात आलं, अन् उठून उभी राहिली, अन् एवढी पाठ केलेली हिंदी सारी गेली, तोंडातून निघालं, हाव जी, मी आहो! सारा वर्ग हासला, सर बी हासले, मी बी हासली. कवाची आनंदातच होती मी.

पुढं बी.ए. झालं, बी.एड. झालं, पोरायले शिकवता शिकवता केस पांढरे झाले. आत्याबाई शेवटपर्यंत घरात वैशालीच म्हणत, जीभ वळली नाही त्याइची, पण बाहेर कोणी विचारलं का, माही सिंधू मास्तरीण आहे म्हणत. त्या गेल्याले लय वर्षं झाले. आता भिलाईतच हुडको कॉलनीत आमचं घर आहे, हे रिटायर झाले, गुडघे दुखतेत दोघायचे, तक्रार काही नाही.

तुमची पोरगी यंदा कालेजात चालली म्हणता ना? मंग तुमी इथं माह्याजवळ कावून बसून राहिले? उठा, घरी जा, तिची तयारी चालू असन, पाहा जरा, हात लावा. माह्या वाटचा हात ठेवा तिच्या डोक्यावर. म्हणा खूप शिक बाई, अन् पहिल्या दिवशी बस सुटली तर घाबरू नको, दुसरी येते.