हळदीची कॉलर

तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायचा कोणावर? माणसावर, की त्याच्या अंगातल्या सदऱ्यावर? बसा, बसा, कॉफी येते आहे, साड्या कुठं पळून जात नाहीत, आधी हे ऐका… सदऱ्यावर म्हणालात तर माझा धंदा चालतो, माणसावर म्हणालात तर माझी पोरगी पास होते, आणि दोन्हीवर म्हणालात तर तुम्ही अजून विशालाक्षी मॅडमना भेटलेला नाहीत! त्या बाईनं, तुम्हाला सांगतो, माझ्या शिवरंजनीला घरी पाठवलं. कशावरून? कपड्यावरून! कोणाच्या पोरीला? ज्याच्या दुकानातून निम्मं कुंभकोणम् लग्नाला उभं राहतं, त्याच्या! आणि मी कोण? कापडवाला!

हसा, हसा. तिकडून, महाराष्ट्रातून, येणारे सगळे आमच्या मराठीला हसतात. जुनी आहे म्हणतात. असेल जुनी, पण धुऊन वापरतो आम्ही!

तर शिवरंजनी शिकते अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग. म्हणजे काय ते मला विचारू नका… बरं, विचारलंत तर सांगतो. खेळाडूचा पाय मुरगळला की धावत जायचं, बर्फ लावायचा, टेप गुंडाळायची, आणि पुन्हा मुरगळू नये म्हणून त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. माझी थोरली बहीण, वत्सलाक्का, गल्लीभर सांगते, 'आमची पोर डॉक्टर होते आहे, पण नुसती पळणाऱ्यांची!' शेवटच्या वर्षी ह्या पोरांना प्रत्यक्ष खेळाडूंवर हात बसवायला पाठवतात, पोस्टिंग म्हणतात त्याला. हिचं पोस्टिंग लागलं साक्कोट्टैच्या वाटेवरल्या मैदानात, कबड्डीच्या शिबिरात. आणि तिथल्या मुख्य ह्या मॅडम. पहिल्याच दिवशी सगळ्यांना रांगेत उभं केलं, 'पांढरा टी-शर्ट, कॉलरचा, आत खोचलेला. खाकी पँट, पट्टा. पुढून बंद बूट. बांगड्या नाहीत, लोंबते डूल नाहीत, फुलं नाहीत, नखं नाहीत!' नखं नाहीत? अहो, बोटं तरी आणू देणार का? वाढलेली नाहीत असा अर्थ, हे पोरीनं मागाहून समजावलं.

मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू! कपड्याची ताकद मला कोण शिकवणार? माझा मेहुणा, जानकीराम, एकदा पट्टीश्वरमच्या लग्नात सफारी घालून गेला. मांडवात वीज गेली. लोकांना वाटलं, हाच वीज मंडळाचा साहेब! जेवू देईनात हो त्याला! एका बाजूला पानावर पायसम, दुसऱ्या बाजूला तक्रारी. शेवटी बिचारा उठला, विजेच्या डांबावर नजर टाकून म्हणाला, 'बघतो,' आणि तेवढ्यात वीज आली! आजही त्या गावात गेला की त्याला नारळपाणी फुकट. कपडा म्हणजे असा असतो!

पण झालं काय, शिवरंजनी एका पोराच्या घोट्याला टेप लावायला वाकली आणि मागून शर्ट सुटला. किती सुटला? दोन बोटं! मॅडम मागेच उभ्या. 'ज्या मुलीचा शर्ट जागेवर राहत नाही, तिच्या हाती मी खेळाडूचा गुडघा कसा देऊ? आज घरी जा. पुन्हा असं झालं तर पोस्टिंग रद्द.' पोस्टिंग रद्द म्हणजे वर्ष गेलं, तुम्हाला सांगतो! पोर घरी येऊन जेवली नाही. ते डोळे बघून माझं रक्त उसळलं. शर्ट सुटतो? माझ्या घरात? आणि मी कोण? कापडवाला!

तसाच उठलो, उत्तम होजियरी काढली, स्वामीनाथ शिंप्याच्या पुढ्यात टाकली. 'स्वामीनाथा, असा शर्ट शिव की पोर वाकली, लोळली, कोलांटी मारली तरी खोचलेला राहिला पाहिजे.' तो म्हणाला, 'अण्णा, मग लांबी वाढवू?' म्हटलं, 'वाढव.' 'किती?' म्हटलं, 'कापडात हात आखडायचा नाही!' अहो, शर्ट आला तो गुडघ्यापर्यंत! सगळा पँटीत खोचला तेव्हा पोर तांदळाच्या पोत्यासारखी दिसायला लागली. चालताना आतून सळसळ सळसळ… पण सुटेल? नाव नको!

इथपर्यंत ठीक. पण नवा कपडा हळद लावल्याशिवाय अंगावर चढतो का? आमच्या घरात नाही, ह्या अख्ख्या गावात नाही. मी अक्काला बजावलं, 'खाली लाव, शेवटाला, आत खोचलं जाईल.' अक्का म्हणते, 'लपवून लावलेलं मंगल देवाला दिसायचं कसं रे?' आणि सकाळी बघतो तो कॉलरच्या टोकावर हा एवढा पिवळाधमक ठिपका! पोर किंचाळली, 'अप्पा, मॅडम!' मी म्हटलं, 'अय्यो, घाबरतेस काय? मी कोण? कापडवाला!' आणि घेतली साबणाची वडी, दोन हात दिले…

लाल झाला! लालभडक! साबण लागला की हळद लाल होते, हे मला ठाऊक नाही का? चांगलं ठाऊक आहे! गिऱ्हाइकांना मीच सांगतो! पण हात आधी गेला हो, डोकं मागून आलं. आता कॉलरवर डाग असा, की कोणी गळाच कापलाय! दुसरा शर्ट पहिल्या दिवसाचा, तो सुटणारा. स्कूटर काढली, पोरीला मागे बसवलं, निघालो.

मॅडमनी लांबूनच हात वर केला. 'थांब! रक्त? रक्त लागलेल्या कपड्यानं खेळाडूजवळ जायचं नाही!' मी पुढं झालो, 'मॅडम, हळद आहे. साबण लागला…' बाई समजूतदार निघाली, नाही म्हणत नाही. म्हणाली, 'सार, माझी आईसुद्धा लावते. पण पडलेल्या पोराला काय दिसणार? हळद दिसणार, का रक्त? सराव सुरू व्हायच्या आत डाग गेला तर राहील. नाहीतर घरी.'

आता घरी म्हणजे वर्ष गेलं. पण कापडवाल्याचं डोकं एव्हाना जागेवर आलं होतं! पोरांच्या सरबताला आणलेलं लिंबू मागून घेतलं, डागावर चोळलं, लाल होतं ते पुन्हा पिवळं झालं. आणि पिवळी हळद कोण खातं? ऊन! पण शर्ट उन्हात घालायचा, तर पोर आतच! मग म्हटलं, 'पोरी, मैदानात जा, मान डावीकडे टाक, कॉलर उन्हाला दाखव. ऊन फिरेल तशी तू फिर.' उभी राहिली हो बिचारी. मान एकीकडे, डोळे मिटलेले, ऊन सरकलं की मी कुंपणापासून ओरडतो, 'उजवा पाय! थोडं अजून!'

आणि कबड्डीची पोरं आली. त्यांनी काय पाहिलं? पांढरा शर्ट, खाकी पँट, पट्टा, बूट. म्हणजे ट्रेनर. ट्रेनर करते आहे म्हणजे व्यायाम! एकानं मान टाकली. दुसऱ्यानं टाकली. बघता बघता अख्खा संघ माना वाकड्या करून उन्हात उभा, आणि त्यांचे कोच शिट्टी वाजवून म्हणतात, 'श्वास सोडा!' मी ओरडलो, 'उजवा पाय!' सगळ्यांनी उजवा पाय टाकला! खोटं वाटतं? देवळात चला, शपथ घेतो!

मॅडम बाहेर आल्या. तेवढ्यात संघातला सर्वांत दांडगा, प्रवीणकुमार, ओरडला, 'मॅडम, आठवडाभर आखडलेली मान सुटली!' मॅडमनी शिवरंजनीची कॉलर दोन बोटांत धरली, उलटली, पालटली. पांढरी! मागून बघितलं. वाकायला लावलं. पोत्यासारखी का होईना, शर्ट जागच्या जागी! म्हणाल्या, 'राहा. आणि हा मानेचा व्यायाम कुठं शिकलीस ते सरावानंतर सांग.'

मी कुंपण ओलांडून आत शिरलो, आनंदानं, दुसरं काय! मॅडमची नजर खाली गेली. माझी वेष्टी, तुमच्याकडची लुंगी म्हणा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पायात चपला. शर्टाला वरची दोन बटणं नाहीत.

'सार,' म्हणाल्या, 'मैदानात हा पोशाख चालत नाही. घरी जा.'

पोर राहिली, मी घरी! कपड्यावरून! आणि मी कोण?… जाऊ द्या. कॉफी घ्या, निवते आहे. एवढंच मागणं आहे, ही गोष्ट तिकडे जाऊन सांगाल तेव्हा हिशोब प्रामाणिक ठेवा. पिवळा डाग अक्काच्या नावावर मांडा, लाल डाग माझ्या नावावर मांडा, मी नाही म्हणत नाही. पण तो गेला कसा, ते शिवरंजनी म्हणते सूर्यामुळे, मॅडम म्हणतात लिंबामुळे… तुम्ही तरी 'उजवा पाय' कोण ओरडला ते मांडा हो.