डोळे मिटून ओढलेला दांडा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. खेळ कुठं संपतो आणि जुगार कुठं सुरू होतो? — काका, नुसती मान हलवू नका, उत्तर द्या! नाही येत? अहो, कायदाही डोकं खाजवतो! म्हणतो, अंगचं कसब लागतं तो खेळ. नुसतं नशीब चालतं तो जुगार. आता गंमत ऐका.

एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोर, रंगाशेटनं दुकान थाटलं. नाव काय? 'कौशल्य करमणूक केंद्र'! आत मशीन. नाणं टाका, दांडा ओढा, काचेत तीन चित्रं गरगर फिरणार. तिन्ही आंबे जुळले, की खालच्या ताटात नाण्यांचा पाऊस! आणि नाही जुळले तर? — पाऊस रंगाशेटच्या घरी!

तिथं केरबा शिंपी रोज हजर. हात मोठा कसबी हो! पण शिलाईचं मशीन सोडलं आणि हे धरलं. इकडं नवरदेवाची शेरवानी एका बाहीवर अडकलेली! वऱ्हाड निघायची वेळ, आणि नवरदेव केरबाच्या दारात — एक हात झाकलेला, एक उघडा!

केरबाची बायको अंजिराबाई तरातरा दुकानात शिरली. नेमक्या तेव्हाच मामलेदारबाई परवाना तपासायला आलेल्या. रंगाशेट हात जोडून सांगतोय, "बाईसाहेब, जुगार? शिव शिव! इथं नजर लागते, मनगट लागतं. सगळं कसब!"

अंजिरानं नवऱ्याचं मनगट धरलं. "घरी चला!"

"अगं, एवढं शेवटचं नाणं! आत्ता कुठं हात बसलाय!"

"बसलेला हात उठवते मी!" तिनं नाणं हिसकलं, मशीनमध्ये कोंबलं — "घे मेल्या, गिळ हेही!" — डोळे गच्च मिटले आणि रागारागानं दांडा असा ओढला...

खण् खण् खण्! तिन्ही आंबे! ताट भरून नाणी भुईवर!

रंगाशेट किंचाळला, "हे चालणार नाही! बाईनं डोळे मिटले होते! हे निव्वळ नशीब आहे, नशीब!"

मामलेदारबाई वळल्या. "काय म्हणालात, शेट?"

रंगाशेटचा चेहरा — पेटीवाले, जरा खालचा सूर द्या! — असा उतरला. "म्हणजे... कसबच! उपजत कसब! पैसे बाईंचेच!"

मामलेदारबाईंनी अंजिराला विचारलं, "तुम्ही सांगा. कसब असेल, तर हे सगळं तुमचं. नशीब असेल, तर हा जुगार — आणि पैसे जप्त."

केरबा कानाशी लागला, "कसब म्हण! अगं, जन्मात पहिल्यांदा आंबे जुळले!"

मंडळी, पैसा कुणाला नको? अंजिरानं ताटाकडं पाहिलं. मोह झाला — खोटं कशाला सांगू! मग नवऱ्याकडं पाहिलं. त्याची नजर तिच्यावर नव्हतीच, ती मशीनवर! तिला कळलं. आज हे पैसे घरी नेले, तर नवरा कायमचा इथंच राहिला.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "कसब ह्यांच्या बोटांत आहे. ते सुईला लागतं. इथं काहीसुद्धा लागत नाही."

मशीनला सील बसलं! केरबा भर रस्त्यात रडला — "आपले आंबे गेले गं!" — आणि रडत रडतच बाही जोडली. जरा वाकडीच जोडली! लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरदेव टाटा करतोय!

हसलात? हसा. पण त्या मशीनला सील ठोकायला मामलेदारबाई आल्या. तुमच्या खिशातल्या फोनवर जे पत्ते पिसले जातात, त्यांना सील कोण ठोकणार? — खांबामागचे दादा, फोन उलटा ठेवू नका, दिसलं मला! सरकार परवाना बघेल, कोर्ट कलम बघेल. आपला हात कुणी आवरायचा? नाही सांगत? बरं, मग टाळी तरी वाजवा! टाळीला दोन्ही हात लागतात — फोन खाली ठेवावाच लागतो! बोला, विठ्ठल विठ्ठल!