मागच्या दाराचं हँडल

मंडळी, आज देवाच्या दारात एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. वस्तू जपणं — हे पुण्य की पाप?

हसू नका! समोरच्या मावशी लगेच मान हलवायला लागल्या, की महाराज, पुण्यच! बरोबर आहे मावशी. कपाटातल्या चांगल्या कपबशा तुम्ही लग्नापासून जपल्यात, आणि नवऱ्याला चहा मात्र कान तुटलेल्या कपात! आणि हे आमचे पखवाजवाले बुवा — पखवाजाला मखमली गवसणी अशी सुरेख शिवलीय, की काढायचं जिवावर येतं त्यांच्या. आजसुद्धा मीच मागे लागून काढायला लावली. असो. प्रश्न डोक्यात राहू द्या — आणि ऐका.

मुकुंदराव धायगुडे नावाचा एक गृहस्थ होता. जुन्या मोटारींचा भलता नाद! घरी शेडमध्ये एक जुनी गाडी आधीच उभी, वरून कापड झाकलेलं. आणि घरात म्हातारी आई. तिचं मागणं एकच — माहेरच्या देवीला एकदा त्या गाडीतून ने. ह्याचं उत्तरही एकच — नेतो गं, पण रस्ता खडीचा आहे, गाडी खराब होईल, डांबर पडू दे. डांबर काही पडेना. म्हातारी पुढं बोलायची थांबली. आणि हा पठ्ठ्या निघाला दुसरी गाडी बघायला!

नदीपलीकडच्या गावात दत्तोबाशेठ खुटवड म्हणून एक एकटेच म्हातारे राहत होते. ऐन तारुण्यात हौसेनं घेतलेली मोटार त्यांना विकायची होती. मुकुंदराव पोचला तेव्हा टळटळीत दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. शेठनी गॅरेजचं दार लोटलं, आणि आतून गार हवा अंगावर आली. बाहेर एवढं ऊन, पत्रा तापलेला, आणि आत गारवा कसला? मुकुंदरावाला प्रश्न पडला, पण समोर गाडी दिसली आणि प्रश्न विसरला! दुधी रंग, गोल पाठ, बंपर असा लख्ख की त्यात बघून भांग पाडावा.

आता मुकुंदराव कच्च्या गुरूचा चेला नव्हे. पत्र्यावर बोटाची टिचकी मारत गाडीभोवती फिरला — कुठं खड्डा बुजवायला लांबी भरलेली नाही. पाठीवर झोपून खालून चासी बघितली — गंज नाही. तेल तपासलं, हॉर्न दाबला, इंजिन चालू केलं, तर पहिल्या झटक्याला सुरू! तो म्हणायचा, मीटर खोटं बोलतं, रंग खोटं बोलतो; जिथं माणसाचा हात आणि पाय घासतो, ती जागा खोटं बोलत नाही. म्हणून त्यानं पेडलचं रबर बघितलं. नवंकोरं. मागं वाकून सीट बघितली, तर कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही! गडी मनातून नाचायला लागला.

शेवटी दारांची हँडलं बघत डाव्या अंगाला आला. पुढचं हँडल चकचकीत. मागचं — मंडळी, मागच्या दाराच्या हँडलवरचं निकेल पार उडालेलं! आतलं पितळ उघडं पडलेलं. आणि झीजही कशी? चार बोटांची. बारीक, बाईच्या हाताची.

मुकुंदराव तिथंच थबकला. हे दार बाहेरून कुणीतरी हजारो वेळा धरलंय. आणि आत कधीच कुणी बसलेलं नाही.

सांगा बरं, ह्याचा अर्थ काय लावायचा? त्यालाही लागेना. त्यानं शेठना विचारलं, की हे असं का? शेठ पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. लपवायचं त्यांचं वय सरलं होतं.

गाडी नवी होती तेव्हा त्यांची बायको गोदाबाई पोटुशी होती. अवेळी पाणी सुटलं. दवाखाना दोन कोसांवर. ती कळा सोसत गॅरेजपर्यंत आली, ह्याच दाराला हात घातला. आणि शेठ म्हणाले, गोदा, थांब, गादी नासेल, मी बैलगाडी जुंपून आणतो. ती थांबली. नवऱ्यानं थांब म्हटलं म्हणून थांबली! बैलगाडी दारात आली, तेव्हा ती ह्याच चाकाशी पडली होती. ती गेली, पोटातलं लेकरूही गेलं.

"तेव्हापासून हे हँडल वाजतं," शेठ म्हणाले. "दोनदा निकेल चढवून घेतलं. पुन्हा झिजतं."

एवढ्यात — खट्!

मुकुंदरावानं वळून बघितलं. गाडीजवळ कुणी नाही. हँडल तेवढं खाली दबलेलं, आणि हळूहळू वर येत होतं.

पळावं असं त्याला वाटलं. पण नजर हँडलवरून हटेना. कसंबसं त्यानं विचारलं, मग दार उघडून का ठेवत नाही?

"ठेवलं की. रात्र रात्र उघडं ठेवलं. ती बसत नाही." शेठ मान खाली घालून म्हणाले. "थांब मी म्हटलंय ना. बस कोण म्हणणार? माझी जीभ उचलत नाही हो, लाज वाटते. म्हटलं, गाडीला दुसरा मालक आला, तर तो तरी म्हणेल."

ऐकलंत? माणूस गाडी विकत नव्हता मंडळी, एक शब्द विकत होता!

मुकुंदराव म्हणाला, "शेठ, माझ्या म्हणण्यानं ती बसायची नाही. तुम्हीच म्हणा. मी गाडी चालवतो."

म्हातारा उठला. दार उघडलं, सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. आणि बाजूला होऊन म्हणाला, "गोदा, बस."

मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले. गाडी डाव्या अंगाला किंचित बसली. रिकाम्या सीटवर खळगा पडला.

मुकुंदरावानं आरशात बघायचं नाही असं ठरवलं आणि गाडी काढली. शेठ पुढं शेजारी बसले होते; गाडी दवाखान्याच्या वाटेला लागली. मागून फक्त धाप लागल्याचा आवाज येत होता. फाटकात गाडी थांबली, दार आपोआप उघडलं, आणि गाडी वर उचलली गेली. हलकी झाली! सीटवर ओला डाग होता. शेठनी तो पुसला नाही. त्यावर हात ठेवून म्हातारा पोरासारखा रडला.

सौदा झाला की नाही, विचारू नका. सौद्याचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मुकुंदराव घरी आला तो तडक शेडमध्ये. कापड ओढून काढलं. डाव्या अंगाला गेला, वाकला, मागच्या दाराचं हँडल बघितलं.

निकेल नुकतंच मंद व्हायला लागलं होतं. चार बोटांएवढं.

मागून आईचा आवाज आला. चोरी सापडल्यासारखी ती म्हणाली, "मीच हात लावते रे कधीमधी. आत नाही बसत."

त्यानं दार उघडलं. "आई, बस. देवीला जाऊ. आत्ता."

आणि ती माउली काय म्हणाली? पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "माझे पाय मळलेत रे मुकुंदा. गादी खराब होईल."

मुकुंदराव खाली बसला. आपल्या अंगातल्या शर्टानं त्यानं आईचे पाय पुसले, आणि पुसता पुसता हुंदके द्यायला लागला. मग तिला उचलूनच आत बसवलं.

तर मंडळी, जपणं हे पुण्य की पाप, ते मी सांगणार नाही. आता आरती होईल, प्रसाद घ्याल, घरी जाल. आपापल्या घरात कापडाखाली काय झाकून ठेवलंय ते बघा. मोटार असेल, पैसा असेल, नाहीतर तोंडातला एखादा गोड शब्द असेल. आणि त्याच्या दाराशी कोण उभं आहे, तेही बघा. उभं माणूस जिवंत आहे तोवर "बस" म्हणा रे बाबांनो. नंतर नुसतं हँडल वाजतं.

बोला, विठ्ठल विठ्ठल!