वसुधाताईंनी पाहिलेला पुसट उजेड

अनंतराव, आणि केंब्रिजच्या या हॉलमध्ये ताईंना निरोप द्यायला जमलेले सगळे, मला बोलणं जड जातंय. रडू आवरता येतं. राग आवरत नाहीये.

मागच्या रांगेत आमच्या डिपार्टमेंटचे तिघे बसलेत. केवढं ते पुष्पचक्र! कार्डावर काय, तर 'मेहनती सहकारी'. अहो, मेहनती तर आमचा प्रिंटरही आहे!

ताई काय करायच्या? आकाशात शेकडो दीर्घिकांचे समूह असतात. असे दोन समूह एकमेकांवर आदळले, की मधल्या वायूत रेडिओलहरींचा पुसट उजेड पसरतो. शांत, स्थिरावलेल्या समूहांत तो असा पसरलेला सहसा सापडत नाही. ताईंना तो एका आदळत्या समूहात दिसला.

आमचे विद्वान म्हणाले, "आपल्या रेडिओ-नकाशात तर नाही."

कुठून असणार? पसरट उजेड टिपतात रेडिओ-दुर्बिणीच्या एकमेकींजवळ उभ्या असलेल्या अँटेना. त्यांच्या डेटात गोंगाट फार. नकाशा सुबक दिसावा म्हणून आमच्याकडे तो डेटा आधीच टाकून देतात. रीतच आहे आमची. स्वतः पुसायचं आणि वर विचारायचं, दिसत का नाही?

ताई म्हणायच्या, "अरे मिलिंद, टाकलेला डेटा परत घालून एकदा बघ ना." एकदा! टी-ब्रेकला हे हसायचे. 'वसुधाचं धुकं' म्हणायचे. पुढे दुसऱ्या देशातल्या लोकांनी तोच उजेड छापला, तेव्हा यांच्यातला एक म्हणतो, "आम्हाला शंका होतीच." लाजही त्या डेटाबरोबरच टाकली असावी.

बघा, मराठी कळत नाही, तरी तिघेही कसे गंभीरपणे माना डोलवताहेत.

पण अनंतराव, ताईंचा पेपर छापायला पाठवायला ग्रुपमधल्या चौघांची संमती लागायची. चौथा मी. एका रविवारी गुपचूप ऑफिसात जाऊन मी तो डेटा परत घातला होता. उजेड होता. ताई म्हणाल्या तिथेच, तेवढाच. सोमवारी मीटिंगमध्ये मी 'नाही' म्हणालो. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. झालं रिन्यू. ताईंना हे कधीच कळलं नाही. त्या मला शेवटपर्यंत तुमच्या घरच्या डब्यातली चकली देत राहिल्या.

आता हेच सगळं मी इंग्रजीत सांगणार आहे. माना डोलतात का बघू. त्यानंतर आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू.

पण आधी मला बोलू द्या. ताईंसमोर गप्प मी पुष्कळ राहिलोय.