एक्केचाळीस नळ्यांची पेटी

नाव तानाबाई बन्सी मुंगसे, वय अंदाजे ६९, धंदा शेती व दोन म्हशी, शिक्षण दुसरी, राहणार मुंगसेवस्ती, ता. खेड, जि. पुणे.

आज मंगळवार दि. १४/१०/२०२५ रोजी दुपारी सव्वातीन वाजता मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन घडलेली हकीकत सांगते ती अशी.

पुनम ही माझ्या थोरल्या मुलाची मुलगी, वय २६. चाकण एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथे साथीच्या रोगांचे रक्ताचे नमुने जपून ठेवतात. उद्या कुणी नवीन तपासणी काढली, तर ती खरं बोलते की खोटं हे त्या नमुन्यांवर ताडून बघतात. त्याला आजाऱ्याचं रक्त लागतं तसं धडधाकट माणसाचंही लागतं. माझं धडधाकट म्हणून घेतलं. तिथलं कपाट मी पाहिलं आहे, उणे ऐंशी अंशांवर गार, दार उघडलं की धूर निघतो. चहा मात्र मशीनचा, पाणचट. मुद्द्याचं सांगा असं हवालदारसाहेब म्हणतात म्हणून सांगते.

आज सकाळी पुनमने वस्तीच्या समाजमंदिरात डेंगी होऊन गेलेल्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकाला आधी कागद वाचून दाखवला. नको म्हणणाऱ्यालाही चहा दिला. एक्केचाळीस नळ्या बर्फाच्या पेटीत घालून सील केल्या. साडेबाराला गाडी निघताना आमच्या भावकीतले चिमाजी मुंगसे पाच-सहा जण घेऊन आडवे आले. म्हणाले, "नळ्यांवर एकाचं पण नाव न्हाई, नुसते आकडे. रक्त इकती ही पोरगी. उघड पेटी."

पुनम म्हणाली, "तात्या, कुणाला काय झालंय ते गावभर होऊ नये म्हणून नाव नसतं. झाकण सोडून काय पण मागा. उघडलं तर सगळ्यांचं रक्त फुकट जाईल."

शेजारची जयमाला माझ्याकडे बोट करून म्हणाली, "गावभर होऊ नये व्हय? मग ह्या आजीला आधी घरी धाडा." सगळे हसले. चिमाजींनी पोलिसांना फोन केला. पेटी जप्त होऊन इथे आली, मागोमाग चिमाजीही आले. पुनम जीपमध्ये पेटीवर हात ठेवून बसली. ओरडली नाही, रडली नाही. मी दोन्ही केलं असतं.

आता सांगते ते पुनमला माहीत नाही. नवरात्रात देवळात बायकांपुढे मी म्हणाले, की मोठमोठ्या कंपन्या आमच्या पुनमच्या दारात लाईन लावतात, ती देईल त्यालाच रक्त मिळतं. हे मी माझ्या मनाने घातलं. चिमाजींची बायको कस्तुरा तिथेच होती. खरं असं आहे, की कुणाला द्यायचं ते डॉक्टरांची समिती ठरवते. पुनमकडे फक्त घेणं, आकडा लावणं आणि जपणं.

बर्फ सहापर्यंतच टिकतो. म्हणून माझं म्हणणं, आधी पेटी सोडा, माझं काय करायचं ते नंतर करा. चिमाजींवर माझी तक्रार नाही.

एवढं झाल्यावर ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी प्रयोगशाळेत फोन लावला, कागद जुळवले आणि ४.३५ वाजता पेटी सील न तोडता पुनमच्या ताब्यात दिली. चिमाजी बाकावरून उठले, पेटीची दुसरी कडी धरली आणि गाडीपर्यंत गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

गाडी गेल्यावर हवालदार ज्योतीराम यांनी सगळं मोठ्याने वाचलं. देवळातलं बोलणं ठेवायचं ना, असं त्यांनी विचारलं. ठेवा म्हटलं. मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून सही करते.

तानाबाई मुंगसे