लाखात एक

लिलाबाई : मंग नागपूरचा डाक्टर काय म्हनला?

देवमन : डॉक्टरकडं गेलोच नाही, माय. झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडं जाते का कोणी?

लिलाबाई : तोंड पाह्य आरशात. गालफडं बसले तुहे. परवा रिसोडच्या मोटरीतून उतरला तं मले वाटलं, कोनाचं लेकरू हाय हे. आनि ते पुडकं काय हाय? दोन दिस झाले, उराशी धरून फिरून राह्यला.

देवमन : माझं काम आहे त्याच्यात. तीन वर्षांचं.

लिलाबाई : तीन वर्सांचं काम आनि मुठीत मावते? बरी नोकरी हाय तुही.

देवमन : नोकरी नाही, शिक्षणच चालू आहे अजून. थांब, दाखवतो. खिडकीवर गोधडी टाक आणि दार लोटून घे.

लिलाबाई : भर दुपारी? शेजारची चंपाबाई म्हनन, मायलेक भूत उतरवून राह्यले.

(लिलाबाई खिडकीवर गोधडी टाकते. छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाची एकच तिरीप आत पडते. देवमन पुडक्यातले दोन खडे एकामागून एक तिच्यात धरतो.)

लिलाबाई : अवो माय. हा तं निळा झाला. अंदरून पेटल्यावानी.

देवमन : पेटत नाही. हात लाव, गारच आहे. कोळशाच्या डांबरातून काढतात हे. उन्हात असा दिसते, आणि दोन्ही बाजूंनी वीज दिली की अंधारात आपोआप उजेड देते. ना वात, ना बल्बातली तार. पुढं कधीतरी याचे दिवे होतील म्हणतात.

लिलाबाई : डांबरातून? एवढं काळंकुट्ट, आनि त्याच्या पोटात हे?

देवमन : पण उजेड फार कमी. शंभर भाग वीज टाकली तं एक भागही उजेड होत नाही. तो वाढवायचा, आणि रंग मात्र नितळ निळा ठेवायचा. यातच माझी तीन वर्षं गेली.

लिलाबाई : आनि हा दुसरा? हा तं हिरवा हाय.

देवमन : तो बिघडला.

लिलाबाई : कायचा बिघडला? निळ्याहून जास्त उजेड हाय त्याले.

देवमन : त्याच्यात दुसरी वस्तू राहून गेली. तीही त्याच डांबरातली. सख्खे भाऊच म्हण. काचेच्या नळीत घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत तापवत तापवत चाळीस खेपा नेला. तू सुपात पाखडतं ना, तसाच प्रकार. तरी लाखात एक कण राहिला, आणि निळ्याचा हिरवा झाला.

लिलाबाई : लाखात एक तं लोक नवरीले म्हनते, बापा.

देवमन : आमच्याकडं घाणीला म्हणतात. एवढासा कण, आणि अख्खा खडा बाटला.

लिलाबाई : काय म्हनला तू?

देवमन : खडा बाटला म्हणालो. काहून?

लिलाबाई : हा शब्द ह्या घरात नोको बोलू. तुह्या बापानं छप्पनले दीक्षा घेतली, देव उचलून नाल्यात सोडले. तवा हा शब्दही त्याइच्यासंगं सोडला होता.

देवमन : आमचे सर म्हणतात ना, म्हणून तोंडात बसला. मी खड्याच्या चिठ्ठीवर लिहिलंही तसंच. हे पाह्य, 'अशुद्ध'.

लिलाबाई : मले वाचता येत नाई. तू वाचलं, पुरे झालं.

देवमन : माय, मी ज्याच्यासाठी आलो ते सांगू का? भिऊ नको.

लिलाबाई : भ्यायचं वय गेलं माहं. सांग.

देवमन : उजेड मोजायला खोली पुरी अंधारी करावी लागते. डोळे सरावले की समोर हिरवा ठिपका दिसते. आणि त्या ठिपक्यामागं आपली रुख्मिणी येऊन उभी राहते.

लिलाबाई : रुख्मी? माही लेक?

देवमन : रुख्मीच. बाराच वर्षांची, होती तेवढीच. निळा खडा लावला तं येत नाही. हिरवा लावला की येते. म्हणून मी हिरवे फेकत गेलो. अकरा फेकले. त्यांची मापं वहीत मांडलीही नाहीत. तितक्याच विजेवर हिरवा तिप्पट उजेड देते, माय. तीनदा मोजलं मी. पण सर म्हणतात, खराब खड्याचं माप प्रबंधात लिहायचं नाही. आणि खरं सांगतो, मले ते बरंच वाटलं.

लिलाबाई : आनि हा?

देवमन : हा शेवटचा. सोमवारी वितळवायचा आहे. मग सगळे निळेच राहतील. ती पुन्हा येणार नाही, आणि मले झोप लागेल.

लिलाबाई : बस इथं, माह्यापाशी. रुख्मी कशी गेली, तुले काय ठाऊक हाय?

देवमन : दुष्काळाचं साल होतं. मी नागपुरात होतो. ती नाल्यातल्या झिऱ्यावर पाण्याले गेली आणि वरून दरड पडली.

लिलाबाई : नाल्यावर काहून गेली, ते कोनी नाई सांगतलं तुले. मीच सांगू देल्लं नाई. त्या दिवशी वरच्या आळीतल्या इहिरीवर कोनी नव्हतं. हिनं गडवा दोरीले बांधून अंदर सोडला आनि थेच पानी पेली. कोनीतरी पाह्यलं. मंग काय, गाव गोळा झालं. इहीर बाटली म्हने. गोमूत्र आनून ओतलं. दुष्काळात, प्याच्या पान्यात.

देवमन : त्यांच्याकडून दुसरं काय होणार होतं?

लिलाबाई : त्याइचं सोड, ते म्हननारच होते. पोरगी घाबरून पयत घरी आली. आनि मी तिले म्हनलं, "कायले बाटवली व त्याइची इहीर?" मी म्हनलं, देवमन. ह्या तोंडानं. दीक्षा घेऊन सोळा वर्सं झाले होते. तिनं माह्याकडं निस्तं पाह्यलं. गडवा उचलला आनि नाल्याकडं निंघून गेली.

देवमन : माय, तू कधी बोलली नाही.

लिलाबाई : कोनाले बोलू? तुह्या बापालेही नाई सांगतलं. तो तसाच गेला.

देवमन : आणि मी तिकडं तोच शब्द लिहून अकरा खडे फेकले. तिलेच हाकलत होतो मी. लाज वाटते मले.

लिलाबाई : हा नोको वितळवू.

देवमन : सर सही करणार नाहीत. शिष्यवृत्तीही मार्चपर्यंतच आहे.

लिलाबाई : मंग?

देवमन : मंग दोन्ही मापं लिहितो. निळ्याचं लिहितो आणि हिरव्याचंही. नाहीच दिली सही तं शिरपूरच्या शाळेत मास्तरकी करीन.

लिलाबाई : आनि झोप?

देवमन : नाही लागली तं नाही. हे पाह्य, ही चिठ्ठी फाडली. दुसऱ्या चिठ्ठीवर काय लिहू?

लिलाबाई : त्याच्यात दुसरं मिसळलं ना? मंग मिसळलं म्हन. त्याच्याहून मोठ्ठं काय झालं?

देवमन : लिहिलं. 'मिसळलेला'. माय, तुले दिसते का ती?

लिलाबाई : मले अंधार नाई लागत, बापा. भर उन्हात येते. रांजनापाशी उभी राह्यते, गडवा घेऊन.

देवमन : रागानं पाहते का? काही म्हणते?

लिलाबाई : राग कायचा? तिले तहान लागली होती. दुसरं काईच नव्हतं.